एका छताखालचं वाचन

राखणीनं दिवा लाल केला आणि डॉक्टर मुजावर तिथंच दारात थबकले, एक पाय आत आणि एक बाहेर.

कुमुदिनी मगदूम काउंटरमागून बघत होत्या. मिरजेच्या जीवविज्ञान संशोधन ग्रंथालयाच्या त्या मुख्य ग्रंथपाल, त्यामुळे असे अडलेले वाचक त्यांनी ढिगानं पाहिले होते. कुणी आरडाओरडा करायचं, कुणी कार्ड पुन्हापुन्हा घासत बसायचं, कुणी 'वर ओळख आहे' म्हणत फोन काढायचं. या माणसानं यातलं काहीच केलं नाही. तो वळला, काउंटरपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, एवढा एकच लेख हवाय मला. तो मिळाला नाही तर वस्तीवरची माणसं मरतील."

"डॉक्टर, लाल म्हणजे लाल. माझ्या हातात असतं तर..."

"आहे की तुमच्या हातात. हमी तुम्ही देऊ शकता."

हमी म्हणजे ग्रंथपालानं वाचकाला जामीन राहायचं. हमी हा शब्द त्या काउंटरवर आजवर कुणी काढला नव्हता. काढूही नये, असं त्यांना मनापासून वाटत आलं होतं.

आता ही राखण म्हणजे काय भानगड, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी दूरच्या एका देशात एका माणसानं नुसतं वाचून एक रोग तयार केला. त्यानं प्रयोगशाळा फोडली नाही, काही चोरलं नाही. ग्रंथालयात शहाण्यासारखा बसून छापलेले लेख वाचले. प्रत्येक लेख आपापल्या जागी निरुपद्रवी होता. एकात पीठ होतं, एकात मीठ, एकात विस्तव. भाकरी कुणीच छापली नव्हती. ती यानं भाजली. त्या भाकरीनं किती घरं बसली हे आठवायला आजही लोकांच्या जिवावर येतं.

मग जगभरची सरकारं विचारात पडली. बंदी घालायची कशावर? मिठावर घालता येत नाही, विस्तवावरही नाही. तेव्हा त्यांनी मिसळण्यावर घातली. आपल्याकडे त्याला संयोग कायदा म्हणतात. प्रत्येक संशोधन ग्रंथालयाच्या दारावर एक यंत्र बसलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, लोक त्याला राखण म्हणतात. कुठल्या वाचकानं आजवर काय काय वाचलं याचं खातं ही राखण ठेवते. वाचकानं नवा लेख मागितला, की ती हिशेब करते: या डोक्यात आधीच जे आहे त्यात हे मिसळलं, तर हा माणूस घातक वस्तू बनवण्यापासून किती पावलं लांब राहील? लांब राहणार असेल तर दिवा हिरवा, जवळ येणार असेल तर लाल. राखण आपल्या कामात पटाईत होती, हे कबूल करायलाच हवं. ती बसल्यापासून तसला प्रकार पुन्हा झाला नव्हता.

पण इथंच घोडं पेंड खायचं. वाचलेलं काही एका डोक्यात गप्प बसत नाही. नवरा बायकोला सांगतो, बहीण भावाला सांगते. म्हणून कायद्यात एक कलम घातलं: एका छताखालचं वाचन एकच धरायचं. घरातल्या सगळ्यांची खाती एकत्र मोजायची. दोघंही संशोधक असलेल्या जोडप्यांची खाती वर्षभरात भरायची आणि मग दोघंही घरी बसायची. मिरजेत दोन चांगली लग्नं या कलमापायी मोडली.

कुमुदिनीबाईंचं खातं तर कधीच भरलं होतं. आलेल्या प्रत्येक नव्या लेखाचा सारांश करायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची नोकरी. एका सकाळी त्यांच्याच दारानं त्यांना लाल दिवा दाखवला. तेव्हापासून त्या आपल्याच ग्रंथालयात मिठाईच्या दुकानात बसवलेल्या मधुमेही माणसासारख्या वावरत होत्या. पाठीवरचे क्रमांक वाचायचे, खंड काढून द्यायचे आणि आत डोकवायचं नाही.

आणि चारू? चारू, म्हणजे चारुशीला, त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं विषाणूशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हा आनंद करायचा सोडून मायलेकी वकिलाकडे गेल्या. आईच्या छताखाली राहिली असती तर चारूचं खातं पहिल्याच दिवशी भरलं असतं. म्हणून त्यांनी वेगळं राहत असल्याचं शपथपत्र केलं. चारूनं किल्ला भागात खोली घेतली. एकमेकींच्या घरी जायचं नाही, फोनवर तब्येत आणि नातेवाईक यापलीकडे बोलायचं नाही. काउंटरवर तर राखणीचा कान असायचा, तिथं पोटची पोरगी आईला 'मॅडम' म्हणायची आणि आई तिला 'तुम्ही'.

तर अशा या काउंटरवर डॉक्टर मुजावर हमी मागत उभे होते.

"बसा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "नीट सांगा काय ते."

दस्तगीर मुजावर गुरांचे डॉक्टर होते, जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या व्हनमाने वस्तीवर. तिथल्या शेळ्यांना देवी आल्या. शेळ्यांना त्या येतातच, पण या वेळी तो विषाणू माणसांत शिरला. अंगावर फोड, तोंडातून रक्त. दोघं गेले होते. आजारी पडलेल्यांत वस्तीच्या शाळेतली शिक्षिका होती, तबस्सुम. डॉक्टरांची बायको. वस्तीला नाकाबंदी होती आणि सगळे शाळेतच झोपवले होते.

"सरकारी फ्रीझरमध्ये तीन प्रकारचं सीरम आहे," मुजावर सांगत होते. "शेळ्यांच्या तीन जुन्या लसींपासून काढलेलं. त्यातलं एक या विषाणूचे हात बांधेल. बाकीची दोन अर्धवट चिकटतील आणि त्याला माणसाच्या पेशीत शिरायला शिडीच लावून देतील. चुकीचं टोचलं तर उद्या मरणारा आज मरेल. विषाणू माणसाच्या पेशीला नेमका कुठं धरतो, त्याचा नकाशा या लेखात आहे. तो बघितला की कुठलं सीरम, ते मला कळतं."

"आणि तोच नकाशा घेऊन कुणी त्या विषाणूची पकड आणखी घट्ट करू शकतो."

"करू शकतो," मुजावर म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही बाई."

"सूट देणाऱ्या समितीकडे अर्ज केलात?"

"केला की. समिती बसेल तेव्हा बसेल. आणखी दोन ग्रंथालयांत जाऊन आलो. त्यांनी कानावर हात ठेवले."

कुमुदिनीबाईंनी त्यांचं खातं पडद्यावर उघडलं. ग्रंथपालाला वाचकाच्या लेखांची नावं तेवढी दिसतात. एका नावावर त्यांची नजर अडली. विषाणू वाळवून, पूड करून टिकवण्याबद्दलचा लेख होता तो. सारांश त्यांनीच केला होता त्याचा. वाळवलेली पूड हवेत उधळता येते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

वाचकाला असला प्रश्न त्यांनी जन्मात विचारला नव्हता. आज विचारला. "हा कशाला वाचलात?"

मुजावरांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सीरम वाळवून न्यायचं तंत्र त्यातच दिलंय. वस्तीवर वीज आली तर आली. बर्फात नेलं आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर सगळं नासायचं. पूड नेली की तिथं पाण्यात कालवता येते."

"पटण्यासारखं आहे."

"पण?"

"पण दुसरा कुणी असता तरी हेच बोलला असता."

"बोलला असता," ते म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

कुमुदिनीबाई आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी जिल्हा वाचन अधिकाऱ्यांना फोन लावला. उगारे साहेब तसे भले माणूस, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

"मॅडम, या फंदात पडू नका," उगारे म्हणाले. "हमी दिलीत तर त्याला एकदा वाचायला मिळेल. मग त्याचं खातं जन्माचं बंद आणि हातात पाळतीचं कडं. पुढं त्यानं काही वेडंवाकडं केलं तर त्याच्याबरोबर तुम्हीही आत."

"माझं काय घेऊन बसलात? चारूचं सांगा."

पलीकडं उगारेंनी कागद चाळले. मग म्हणाले, "हमीदाराच्या कुटुंबाला वेगळं छत मिळत नाही. शपथपत्र रद्द होतं. तिचं खातं तुमच्या खात्याला जोडलं जाणार, म्हणजे बंदच. चौकशी संपेपर्यंत."

"किती दिवस चालते चौकशी?"

"आजवर एकही संपलेली नाही मॅडम. आणि हे तिला आधी सांगू नका बरं का. सांगितलंत तर संयोगाची पूर्वसूचना दिली असा गुन्हा होतो."

फोन ठेवून त्या बाहेर आल्या, तर काउंटरवर चारू उभी. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण चाललं होतं तिचं. कोंबड्यांना येणारा एक ताप शेडमधल्या कामगारांना का येत नाही, याच्या मागं ती चार वर्षं हात धुऊन लागली होती, आणि आता उत्तर दिसायला लागलं होतं. हे कुमुदिनीबाईंना कुणी सांगितलेलं नव्हतं. ती मागत असलेल्या खंडांच्या क्रमांकांवरून त्यांनी ते ओळखलं होतं. पोरगी कुठून कुठं चालली आहे हे त्या क्रमांकांवर बोट ठेवून बघायच्या आणि घरी जाऊन एकट्याच हरखायच्या.

"मॅडम, पाचशे एकोणऐंशी, दुसरा खंड," चारू म्हणाली.

"बसा तुम्ही. आणून देते."

चारू जाता जाता थांबली. "तुमची तब्येत बरी आहे ना? चेहरा असा का?"

सांगून टाकावं, असं कुमुदिनीबाईंच्या अगदी ओठांवर आलं. राखणीचा बारीक दिवा काउंटरच्या कडेला लुकलुकत होता.

"उन्हाचं आहे," त्या म्हणाल्या.

खंड आणायला त्या कपाटांच्या रांगेत शिरल्या आणि तिथंच कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. चारूचे वडील गेले तेव्हा ती नववीत होती. त्यानंतर या पोरीनं कधी कशाचा हट्ट धरला नाही. तिला फक्त वाचायचं होतं. आणि तेच आपण काढून घ्यायचं? एका परक्या माणसासाठी, जो खरा आहे की खोटा हेही ठाऊक नाही? छे! उगारे म्हणतात तेच बरोबर. लाल म्हणजे लाल, सांगावं आणि मोकळं व्हावं. त्यांनी चारूला खंड नेऊन दिला, काउंटरवर परतल्या आणि तसं सांगायला तोंड उघडलं.

"वस्तीवरचा फोन लागतो का?" असं त्यांच्या तोंडून निघालं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मुजावरांनी फोन लावून दिला. बराच वेळ वाजला. मग एका बाईचा आवाज आला, धाप लागलेला.

"मी मिरजेहून ग्रंथपाल बोलते. डॉक्टर इथं बसलेत."

"लेख मिळाला का हो बाई त्यांना?"

"अजून नाही."

मागं कुणीतरी कण्हत होतं, कुणीतरी पाणी मागत होतं. "मग त्यांना सांगा," तबस्सुम म्हणाली, "अंदाजानं काही उचलून आणू नका म्हणावं. आणतील ते, ओळखते मी त्यांना. इथं लोक त्यांनी दिलेलं काहीही टोचून घेतील, इतका भरवसा आहे. चुकलं तर ते स्वतःच पुढं जगायचे नाहीत. मिळालं नाही तर नुसते या म्हणावं. लवकर या."

फोन बंद झाला. कुमुदिनीबाईंनी मुजावरांकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरून उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

आता हेही नाटक असू शकतं, हे काय कुमुदिनीबाईंना समजत नव्हतं? चांगलं समजत होतं. खातरी अशी कुठंच नव्हती आणि मिळणारही नव्हती. पण राखण फक्त घातक वस्तूपर्यंतची पावलं मोजत होती. त्या शाळेत पडलेल्या माणसांपर्यंत किती पावलं उरलीत, हे तिच्या हिशेबात कुठंच नव्हतं. ते कुणीतरी मोजायला हवं होतं, आणि या घडीला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

वाचनकक्षात चारू खिडकीजवळच्या टेबलावर बसली होती. खंड पडद्याशी ताडून बघता बघता तिनं पेन दातात धरलं होतं, लहानपणी धरायची तसंच. कुमुदिनीबाईंनी डोळे भरून तिच्याकडे पाहिलं. मग हमीचं पान उघडलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

दारावरचा दिवा हिरवा झाला. मुजावरांनी हात जोडले.

"आधी आत जा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "एकच बैठक आहे. टिपण काढता येणार नाही."

ते आत शिरले आणि त्याच क्षणी खिडकीजवळच्या टेबलावरचा पडदा काळा झाला.

चारूनं आधी बटण दाबून पाहिलं. मग टेबलावर उमटलेला लाल शिक्का तिला दिसला. तिनं मान वर केली, हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग आईकडे. पोरगी हुशार. सगळा उलगडा व्हायला तिला वेळ लागला नाही.

ती काउंटरपाशी आली. त्या कक्षात मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नसते. चारू मोठ्यानं बोलली.

"आई, काय केलंस तू?"

सगळे वाचक माना वळवून बघायला लागले. त्या काउंटरवर चार वर्षांत पहिल्यांदाच ते 'आई' कुमुदिनीबाईंच्या कानावर पडलं.

"हमी दिली," त्या म्हणाल्या.

"कुणाला? कोण लागतो तो आपला?"

"कुणी नाही."

"एक प्रकरण राहिलं होतं माझं, आई. एकच!" चारूचा आवाज चिरकला. तिनं कार्ड गळ्यातून काढून काउंटरवर आपटलं आणि ती निघून गेली.

पुढचे दिवस कुमुदिनीबाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मुजावर बैठक संपवून हातात कडं घालून गेले, त्यानंतर त्यांची काही खबर नव्हती. चारू फोन उचलत नव्हती. पोलीस येऊन दोनदा जबाब घेऊन गेले. आपण कुणाला काय देऊन बसलो, या विचारानं त्यांना घास गिळेना. कुठं कुणाला ताप आला अशी बातमी ऐकली, की गाव कुठलं ते त्या आधी बघायच्या. हा माणूस खोटा निघाला तर? पोरीचं आयुष्य आपण एका भामट्याच्या पदरात टाकलं तर?

अखेर एका दुपारी उगारेंचा फोन आला. या वेळी त्यांना घामबिम काही फुटलेला दिसत नव्हता.

"मॅडम, उतार पडला. व्हनमाने वस्तीचा अहवाल आलाय. सगळ्यांत आधी ज्यांना सीरम टोचलं ते म्हातारबाबा वाचले नाहीत, फार उशीर झाला होता. बाकी सगळे उठून बसलेत. मास्तरीणबाईसुद्धा."

"आणि चारूचं?"

"ते बंदच राहील मॅडम. चांगलं घडलं म्हणून कलम बदलत नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून त्या मनसोक्त रडल्या. आनंदाचं किती होतं आणि दुःखाचं किती, कोण निवडत बसतो?

दिवेलागणीला त्या घरी पिठलं हलवत होत्या तेव्हा दार वाजलं. दारात चारू उभी होती. पायाशी दोन बॅगा आणि पुस्तकांचं खोकं.

"खोली सोडली," ती म्हणाली. "आता वेगळं राहून करायचं काय?"

ती आत आली. बॅगा भिंतीला लावल्या. ओट्याला टेकून उभी राहिली. कुमुदिनीबाईंनी गॅस बारीक केला.

"वस्तीचं कळलं मला," चारू म्हणाली. "वाचली ना माणसं? बरं झालं. त्याबद्दल मी बोलतच नाहीये. मी तुझ्या जागी असते तर मीही अंगठा ठेवला असता. पण मला विचारलं का नाहीस तू? गुन्हा होता, ठाऊक आहे. एक गुन्हा केला असतास माझ्यासाठी! चार वर्षं माझी होती, आई. मी नाही म्हणेन असं वाटलं ना तुला?"

"नाही गं."

"मग?"

"तू हो म्हणाली असतीस," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तू हो म्हणणार, हे मला ठाऊक होतं. मग ते तुझ्या हातानं घालवल्यासारखं झालं असतं. पुढं कधी जीव तळमळला, त्या कोंबड्यांची आठवण झाली, तर रागवायचं कुणावर? स्वतःवर? म्हटलं, ते नको. तुला रागवायला मी असू दे."

चारूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही.

"मग मी रागवणार आहे," ती म्हणाली. "खूप दिवस. सांगून ठेवते."

"रागव की," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं ताट काढलं. "आधी जेव, मग रागव."